खोली नंबर नऊचा ताबा

मंदा, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही.

बाकी सगळे बोलले. ज्यांनी तुला जेमतेम सहा महिने पाहिलं होतं ते साहेबही बोलले. युनियनचे अध्यक्ष बोलले, पाणीखात्यातले ते लांबण लावणारे भाऊसाहेब बोलले, आणि तुझ्याशी दहा वर्षं अबोला धरलेली लेखा विभागातली बाई तर रडलीसुद्धा. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "शैलामॅडम, तुम्ही तर त्यांच्या अगदी जिवाभावाच्या." मी घशाला हात लावून मान हलवली. लोकांना वाटलं, हिचा गळा दाटून आला. दोघीतिघींनी पाठीवरून हात फिरवला. घसा ठणठणीत होता गं. तोंड उघडलं तर एक तर खरं बाहेर येईल नाहीतर खोटं, एवढीच भीती होती, आणि खोटं तुझ्याशी बोलून झालं होतं.

आता पतपेढीच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितलीत. तू कुठे शिकलीस, नोकरीला कधी लागलीस, हे फोटोखालच्या चौकटीत येणारच आहे. मी खोली नंबर नऊबद्दल लिहिणार आहे. तुला सगळं माहीत आहे. खरं तर एक गोष्ट सोडून सगळं. पण हे वाचणाऱ्या नव्या मुलामुलींना काहीच माहीत नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. छापायचं की नाही ते संपादक मंडळ ठरवेल.

तर आपलं पालिकेचं जुनं कार्यालय. कौलं काढून पत्रे घातलेली ती बैठी इमारत, एका हॉलमध्ये सहा खाती, आणि तुझी जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी दाराच्या अगदी तोंडाशी. मागच्या आवारात बायकांसाठी पत्र्याच्या दाराचं एक स्वच्छतागृह होतं. दाराला खालून वीतभर फट होती, कडी आतून दोरीने बांधावी लागायची, पण होतं. त्याची किल्ली तुझ्या टेबलाच्या खिळ्याला. किल्ली हरवू नये म्हणून तू ती एका रद्द झालेल्या रबरी शिक्क्याच्या लाकडी मुठीला बांधली होतीस. खिडकीवर आलेली बाई काही न बोलता नुसती तुझ्याकडे बघायची, की तू रजिस्टरातून मान वर न काढता ती मूठ पुढे सरकवायचीस. मी बांधकाम विभागात, पलीकडच्या टेबलावर. कित्येक वर्षं हे रोज बघत होते. बघत होते म्हणजे डोळे तिकडे होते, एवढंच.

मग नूतनीकरण मंजूर झालं. एका छताखाली सगळ्या सेवा, टोकन घ्या, खुर्चीत बसा, नंबर आला की उठा. नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं. मला किती आनंद झाला होता, आठवतं? गटारं आणि फूटपाथ काढून काढून कंटाळले होते. पंधरा दिवस घासून मी नकाशा केला. काउंटरला ग्रॅनाइट, साहेबांच्या केबिनला काच, कोपऱ्याकोपऱ्यात कुंड्या, टोकनचं मशीन, बूट-चपलांचा कट्टा. जेवणाच्या सुट्टीत तुला दाखवला. तू डबा हातात घेऊनच वाकलीस, वरून खाली, डावीकडून उजवीकडे सगळं बघितलंस आणि म्हणालीस, "शैले, यात बायांचं कुठंय?"

मी विसरले होते, मंदा. बाई असून विसरले होते. कुंड्या काढल्या होत्या आणि ते काढलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, की मागचं आहे ना. "मागचं तर तू पाडून पार्किंग करतेयस. जल्ला मेला तुझा नकाशा!" असं म्हणून तू जिन्याखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलंस. बोटाला लोणच्याचं तेल लागलं होतं. कागदावर डाग पडला. मी चिडले, तू हसलीस आणि म्हणालीस, "झाली जागा पक्की." त्याच डागावर मी खोली नंबर नऊ काढली. दहा बाय आठ, दोन भांडी, एक बेसिन, बाहेरच्या भिंतीला जाळी. नऊ नंबरच्या त्या खोलीची कल्पना तुझी, आणि मोजमाप माझं. तो डाग पडलेला कागद माझ्या खणात अजून आहे.

टाइल्स निवडायला आपण दोघी कॅम्प तीनच्या सिंधी बाजारात गेलो होतो. खरेदी ठेकेदारच करणार होता, पण नमुना पसंत करायला कुणीतरी जायला हवं होतं, आणि मी तुला ओढून नेलं. शेअर रिक्षात तिसऱ्या बाईच्या मांडीवर जीन्सच्या कापलेल्या पायांचा हा एवढा गठ्ठा, त्यामुळे आपण दोघी निम्म्या बाहेर. दुकानदार शेठ मला करडी दाखवत होता. "साईं, मॅडम, सरकारी काम आहे ना? ग्रे घ्या. घाण दिसत नाही, शिकायत येत नाही." तू लगेच म्हणालीस, "घाण दिसायलाच पायजे ना शेठ, नाहीतर धुणार कोण?" आणि फिकट पिवळी टाइल उचललीस, हळदीचं पाणी असतं तशी. शेठ हात जोडून म्हणाला, "ये मॅडम को साब बना दो." आपण परतीच्या वाटेवर दाल-पकवान खाल्लं. पोट भरून हसलो त्या दिवशी. तुझ्याबरोबर इतकं निर्मळ हसल्याचा तो शेवटचा दिवस असेल.

काम निम्मं झालं आणि सभापतींना कक्ष हवा झाला. कक्षाला प्रतीक्षा-कक्ष हवा. साहेबांनी मला बोलावलं. नकाशा टेबलावर पसरलेला होता, त्यांनी पेनाच्या टोपणाने जिन्याखालची जागा दाखवली. "बाई, महिला स्टाफ किती? पाच-सहा. जरा अॅडजस्ट करा." मी खिडकीवर येणाऱ्या बायकांचं बोलायला हवं होतं. मोजून दोन वाक्यं होती. मी म्हणाले, "बघते सर." भिंत चार फूट सरकली. नऊ नंबर दहा बाय चार झाला. त्यात भांडं बसलं असतं, पण दार उघडलं नसतं. जमिनीखालून नळी आधीच टाकलेली होती, तिच्या तोंडावर टोपण बसवलं. खोलीत जुनी रजिस्टरं गेली. साहेबांनी मला जबरदस्ती केली असं मी आजवर मनाशी म्हणत आले. तसं काही झालं नव्हतं. माझी बढतीची फाइल त्यांच्याकडे होती आणि मला बढती हवी होती. एवढीच गोष्ट आहे.

आणि पिवळ्या टाइल्स येऊन पडल्या होत्या. वाया कशाला जाऊ द्यायच्या, म्हणून मी त्या अधिकाऱ्यांच्या स्वच्छतागृहाला लावून टाकल्या. साहेबांच्या केबिनलगतच्या. हा निर्णय मात्र कुणी सांगितला नव्हता, माझा मीच घेतला. त्यावर "छान काम केलंत" असंही मला ऐकवलं गेलं.

मग आचारसंहितेची हूल उठली. ती लागायच्या आत उद्घाटन उरकायचं, आणि त्याआधी काम पूर्ण झाल्याचा दाखला कागदावर हवा. दाखल्याला प्रत्येक खोलीची ताबापावती हवी, म्हणजे वापरणाऱ्या खात्याने लिहून द्यायचं की खोली मिळाली, सुस्थितीत मिळाली. आठ खोल्यांच्या आठ सह्या झाल्या. नववी सही महिला तक्रार समितीची, म्हणजे तुझी.

तू कुलपाकडे बघून म्हणालीस, "उघड, बघते, मग करते सही."

मी म्हणाले, "मंदा, मंडप घालताहेत बाहेर. दोन महिन्यांनी आचारसंहिता उठली की पहिलं काम हेच. टेंडरमधलं शिल्लक काम म्हणून दाखवते. तू आता कर."

"शैले, आत काहीच नाही ना?"

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

हे वाक्य मी तुला म्हणाले. दुसऱ्या कुणाला ते चाललं नसतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच म्हणाले. तू पेन घेतलंस आणि तुझी ती वळणदार, 'म'ला मोठी पोटली काढलेली सही केलीस. त्या क्षणी तू मला कागदावर नसलेलं काहीतरी देत होतीस, आणि मी ते फायलीला लावून टाकलं.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, फोटो निघाले. दोन महिने झाले, मग आठ झाले. शिल्लक काम म्हणून मी ते कधी दाखवलंच नाही, कारण दाखवलं असतं तर पूर्णत्वाचा दाखला खोटा ठरला असता, आणि त्यावर माझी सही पहिली होती.

नवीन कार्यालयाचं सगळ्यांना कौतुक. अंबरनाथकडून, बदलापूरकडून लोक बघायला यायचे, आमच्याकडे असं कधी होणार म्हणायचे. आलेला प्रत्येक पाहुणा तुझ्या खिडकीशेजारच्या कुंडीपाशी थांबायचा. मी सांगितलेल्या बारा कुंड्यांपैकी अकरा पहिल्या उन्हाळ्यातच वाळल्या. तुझ्याजवळची मनीप्लांटची वेल मात्र खांबावरून छताला पोचली. "मंदाताईंचा हातगुण," असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. एकदा संध्याकाळी पावणेसहाला तुझ्याकडे आले, तर तू पर्स आवरत होतीस. सकाळी घरून भरून आणलेली पाण्याची बाटली तू उघडलीस आणि ती काठोकाठ भरलेली बाटली सावकाश कुंडीत रिकामी केलीस. दिवसभरात एक घोटसुद्धा कमी झाला नव्हता. मला बघून म्हणालीस, "परत घरी कशाला नेऊ ओझं?"

मला कळलं. त्या क्षणी कळलं. मी काय म्हणाले? "वेल काय मस्त आलीय गं."

माझी बढती झाली आणि अधिकाऱ्यांच्या त्या स्वच्छतागृहाची एक किल्ली माझ्याकडे आली. मी ती तुझ्यापुढे धरली. मला वाटलं, यातून माझी सुटका होईल. तू म्हणालीस, "मी जाईन गं. पण खिडकीसमोरच्या बायांना काय सांगू? तुम्ही बसा, मी येते जाऊन?" मी वैतागले. म्हणाले, "तू जगाचा मक्ता घेतलायस का?" तू म्हणालीस, "जगाचा नाही, खिडकीचा." तुझ्या या हट्टाबद्दल मी चार जणांना हसत हसत सांगितलं, तुला आता सांगते. 'मंदाचं आपलं काहीतरी' असं म्हणायचे मी. बायांना तू पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात पाठवायचीस, "आयाबाईंना माझं नाव सांगा" म्हणून. त्या जायच्या, तोवर इकडे त्यांचा टोकन नंबर निघून जायचा, आणि तू तो नंबर पुन्हा घ्यायचीस. त्यावरून लोक तुझ्याशी भांडायचे. माझ्या टोकनच्या मशीनचं मात्र सगळ्यांना कौतुक होतं.

मग ती म्हातारी आली. सत्तरीची असेल, साखरेचा आजार असलेली, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला न्यायला एकटीच वांगणीहून आलेली. कुणाला विचारायची लाज, आणि दवाखान्यापर्यंत जायचा धीर नाही. माझ्या त्या चकचकीत फरशीवर, टोकन हातात धरून उभी असताना तिचं लुगडं ओलं झालं. पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली. तू खिडकीचं दार उघडून बाहेर आलीस, तिच्या कमरेला तुझी ओढणी गुंडाळलीस आणि "माझ्या हातून बाटली सांडली, माफ करा हां आजी," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालीस. आणि खरोखरच तुझी भरलेली बाटली तू तिथे ओतलीस. मी जिन्यावरून बघत होते. खाली आले नाही. हातात फाइल होती, ती छातीशी धरून परत वर गेले.

दुसऱ्या दिवशी तू लेखी अर्ज दिलास, आणि तो खाली उतरत उतरत उत्तरासाठी माझ्याकडेच आला. मी उत्तर लिहिलं. 'सदर सुविधा मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण असून तिचा ताबा महिला तक्रार समितीच्या सदस्या म्हणून आपण स्वतः सुस्थितीत घेतलेला आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' सोबत तुझ्या सहीची प्रत जोडली. सही साहेबांची होती. पण तू तो कागद घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आलीस, साहेबांकडे गेलीच नाहीस. म्हणालीस, "टाइप कुणी पण केलं असेल, शैले. भाषा तुझी आहे." आवाज चढला नव्हता. कागदाची नीट चौकोनी घडी घालून तू तो डब्याच्या पिशवीत ठेवलास.

त्या दिवशीही आपण एकत्र जेवलो, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. तू कोलंबीचं कालवण आणलं होतंस. माझ्या ताटात आधी वाढलंस. भांडली असतीस, बोलणं टाकलं असतंस, तर मी उलटून बोलले असते आणि बोलता बोलता कदाचित माफीही मागितली असती. तू ती संधीच दिली नाहीस. पुढची सगळी वर्षं आपण पोरांच्या शाळा, सुनांचे स्वभाव, वालाच्या शेंगांचा भाव, सगळं बोललो. नऊ नंबर सोडून.

तू निवृत्त झालीस तेव्हा भाषण मी केलं. वेलीचं कौतुक केलं, काय निर्लज्ज असते बघ माणसाची जीभ. तू उत्तराला उभी राहिलीस आणि म्हणालीस, "झाडाला पाणी वेळेवर मिळालं की ते वाढतं, यात माझं काही नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तुझं आजारपण वेगळंच होतं. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं, त्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता. मी तुझ्या मुलाला दोनदा खोदून विचारलं आणि दोन्ही वेळा मला हायसं वाटलं. मैत्रीण मरणाच्या दारात असताना मला हायसं वाटत होतं. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात ना, माझी तीही उरली नव्हती.

शेवटची भेटले ती तुमच्या नदीकडच्या गावठाणातल्या घरी. पडवीत तुझी खाट टाकली होती. सून तुला चमच्याने पाणी पाजत होती. तू मला जवळ बसवून घेतलंस, हात हातात घेतलास. हात केवढासा झाला होता. मग डोळे मिटूनच विचारलंस, "शैले, नऊ नंबर झालं का गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.

"झालं," मी म्हणाले.

"पिवळ्या टाइल्स?"

"पिवळ्याच."

तू डोळे उघडलेस. मंदा, तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सहन झालं नाही. रागाचा किंवा संशयाचा लवलेश असता तरी चाललं असतं. तू नुसती खूश झालीस. सुनेला म्हणालीस, "रूपाली, आयकलंस ना? मी सांगत नव्हते, शैला करील म्हणून?" म्हणजे इतकी वर्षं घरी तू हे सांगत होतीस. रिक्षापर्यंत येताना मी स्वतःला समजावलं, की मरणाऱ्याला समाधान दिलं, त्यात पाप कसलं. पण समाधान तुला द्यायचं असतं तर त्याला माझ्याकडे सहा-सात वर्षं होती. ते खोटं मी माझ्यासाठीच बोलले.

आणि मग गेल्या मंगळवारी रूपाली आली, तुझा दाखला न्यायला.

तुझ्याच खिडकीवर, आता तिथे एक नवीन मुलगी बसते. मी खाली होते. रूपालीने मला बघितलं, पाया पडली. नंबर यायला वेळ होता. थोड्या वेळाने जवळ येऊन हळूच म्हणाली, "शैलामावशी, ते आईंचं कुठल्या बाजूला आहे? पिवळ्या टाइल्सचं?" 'आईंचं' म्हणाली गं ती. "जायचं पण आहे आणि बघायचं पण आहे. आई शेवटी दोन दिवस तेच सांगत होत्या, दाखल्याला जाशील तेव्हा बघून ये."

तेव्हा तरी मी खरं सांगायचं होतं. हाताच्या अंतरावर नऊ नंबरचं कुलूप दिसत होतं. मी तिला वर नेलं. साहेब बैठकीला गेले होते. माझ्या किल्लीने अधिकाऱ्यांचं स्वच्छतागृह उघडलं आणि म्हणाले, "हे बघ." ती आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. "हळदीसारखा रंग आहे, आई म्हणाल्या तसाच," असं म्हणून तिने भिंतीवरून हात फिरवला. मी शेजारी उभी. या हातांनी कुलूप लावलं.

खाली आलो. रांगेत एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, या पायावरून त्या पायावर होत. रूपाली तुझीच सून. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, "ताई, वर आहे बायकांचं, जिना चढून डावीकडे. आमच्या आईंनी करून घेतलंय." ती बाई घाईने जिना चढली. आणि वरून आपल्या गणपत शिपायाचा आवाज आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, "ओ बाई, किदर? ते साहेबलोकांचं आहे. पब्लिकसाठी नाही. खाली उतरा."

रूपालीने वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग जिन्याखालच्या कुलपाकडे, ज्यावरची पाटी मीच लावली होती: '९. महिला'. तिला सगळं कळायला तेवढा वेळ पुरला. ती कडेवर मूल घेतलेली बाई उतरून आली, तेव्हा रूपालीने तिचं मूल स्वतःकडे घेतलं आणि म्हणाली, "पलीकडच्या गल्लीत दवाखाना आहे. तिथल्या आयाबाईंना सांगा, मंदाताईंच्या घरचे आहोत म्हणून." नंबर आला, तिने दाखला घेतला. जाताना पाया पडली नाही. बरोबरच केलं.

परवा मी अर्ज लिहिला. खोली नंबर नऊमध्ये कोणतीही सुविधा कधीही नव्हती, ताबापावतीवरची सही मी सांगून घेतली, सही करणाऱ्या बाईने आधी खोली बघायला मागितली होती, पूर्णत्वाचा दाखला खोटा आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. भाषा सरकारीच झाली, दुसरी मला येत नाही. सोबत तुझ्या लोणच्याच्या डागाचा मूळ नकाशा जोडला. साहेबांच्या टेबलावर ठेवला असता तर तो फायलीखाली गेला असता, म्हणून खाली येऊन टोकन घेतलं आणि रांगेत उभी राहिले. लोक बघत होते. आवकच्या खिडकीवरच्या मुलीने वाचला, दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, पक्का टाकू आवकला?" तुझ्या खिडकीच्या अगदी शेजारची खिडकी. मी म्हणाले, टाक. तिने शिक्का मारला. तिच्या टेबलावर पाण्याची बाटली होती, दुपारचे चार वाजले होते आणि ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

आता चौकशी लागेल, निवृत्तीला थोडे महिने उरलेत, त्यात काय व्हायचं ते होईल. त्याचं मोठेपण मला नको. सात वर्षं उशिरा आणि तू गेल्यावर केलेल्या गोष्टीत मोठेपण कसलं. यातून नऊ नंबर होईल, असंही मी तुला सांगणार नाही. नऊ नंबरबद्दलच्या सगळ्या गोष्टी तू जाणत होतीस, एक सोडून. तेवढी एक सांगायला हा सगळा खटाटोप केला.

तू विचारलं होतंस, झालं का गं. नाही झालं, मंदा.